शब्दाची जात आणि शब्दाचं काम

(हेमलकसा इथे शिक्षकांसमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. इंग्रजी उदाहरणं वाचकांच्या सोयीसाठी देवनागरीत दिली आहेत. शेवटी श्रोत्यांचे दोन प्रश्न आणि त्यांची उत्तरं आहेत.)



आजचा विषय तुमच्यापैकी प्रत्येकानं शिकवलेला आहे. पार्ट्स ऑफ स्पीच. नाउन, प्रोनाउन, अ‍ॅडजेक्टिव्ह, व्हर्ब, अ‍ॅडव्हर्ब, प्रिपोझिशन, कंजंक्शन, इंटरजेक्शन. मराठीत नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. एका दमात म्हणता येते ही यादी. मीही ती बरीच वर्षं शिकवली आणि चुकीची शिकवली. म्हणून दुसऱ्या कुणावर बोलण्याआधी माझीच चूक सांगतो.

याच भागातल्या एका आश्रमशाळेत मी इंग्रजी शिकवत होतो. आठवीत एक मुलगा होता. घरची भाषा माडिया. पाठांतर एकदम पक्कं. आठही प्रकार, त्यांच्या व्याख्या, प्रत्येकी दोन उदाहरणं, सगळं धडाधड म्हणायचा. दहापैकी दहा मार्क मी स्वतः दिले होते. दिवाळीच्या सुट्टीत तो घरी गेला. धाकट्या बहिणीला खोकला होता आणि घरात औषधाची बाटली आणलेली होती. घरात शिकलेला तो एकटाच, तेव्हा त्यालाच सांगितलं, बाटलीवर काय लिहिलंय ते वाच. सुट्टी संपवून आला तेव्हा त्या ओळी वहीत उतरवून घेऊन आला. मला म्हणाला, "सर, एकेक शब्द येतो, पण सगळं मिळून काय ते कळत नाही."

पहिली ओळ होती, 'शेक वेल बिफोर यूज'. त्यानं खाली अर्थ लिहिला होता: हलवणे, विहीर, आधी, वापरणे. दुसरी ओळ, 'स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस'. त्याखाली: दुकान, मध्ये, एक, थंड, वाळवणे, जागा.

(हशा)

हसू येतं, मलाही आलं. मग मी त्याला विचारलं, "वेल हा शब्द कुठल्या जातीचा?" म्हणाला, "नाम." का? "विहीर ही वस्तू आहे ना सर." आता सांगा, त्याचं चुकलं कुठे? मीच तर शिकवलं होतं, व्यक्ती, स्थळ किंवा वस्तू यांचं नाव म्हणजे नाम. माझ्या व्याख्येप्रमाणे तो शंभर टक्के बरोबर होता. आणि माझ्या व्याख्येमुळेच त्याला औषधाची बाटली वाचता येत नव्हती.

तेव्हा आज मला टीका करायची आहे ती या यादीवर, तिच्या व्याख्यांवर आणि आपण तिला दिलेल्या मराठी नावावर. मुलांवर नाही, तुमच्यावर तर नाहीच.

आधी ही यादी आली कुठून ते बघू. कारण वर्गात आपण ती अशा थाटात सांगतो की जणू आठवड्याचे वार सात तसे शब्दांचे प्रकार आठ, त्यात बदल व्हायचा नाही.

ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमारास डायोनिसियस थ्रॅक्स नावाच्या ग्रीक व्याकरणकारानं आठ प्रकार सांगितले. त्या आठांत आर्टिकल होतं, कारण ग्रीक भाषेत आर्टिकल आहे. त्यात विशेषण वेगळं नव्हतं, ते नामातच धरलेलं होतं. पुढे लॅटिनची व्याकरणं लिहिली गेली. लॅटिनमध्ये आर्टिकल नाही. मग यादीतून ते गळलं आणि इंटरजेक्शन, म्हणजे आपलं केवलप्रयोगी, स्वतंत्र प्रकार म्हणून धरलं गेलं. आकडा पुन्हा आठ. त्यानंतर शेकडो वर्षांनी इंग्रजीची व्याकरणं लॅटिनच्या साच्यावर लिहिली जाऊ लागली. विशेषणाला वेगळी जागा मिळाली, पार्टिसिपल क्रियापदाच्या घरात गेलं. पण इंग्रजीत तर आर्टिकल आहे! 'अ', 'अ‍ॅन', 'द' यांचं काय करायचं? लिंडली मरे यांचं १७९५ सालचं इंग्रजी व्याकरण फार गाजलं. त्यांनी आर्टिकलला स्वतंत्र घर दिलं आणि आकडा नऊ केला. नंतरच्या बऱ्याच शालेय पुस्तकांनी पुन्हा आठ केले आणि आर्टिकल विशेषणाच्या पडवीत नेऊन बसवलं.

आता आपल्याकडे या. यास्कानं निरुक्तात चारच प्रकार सांगितले: नाम, आख्यात, उपसर्ग, निपात. पाणिनीनं तर पदांचे दोनच मोठे गट केले, एक नामाचे प्रत्यय घेणाऱ्यांचा आणि दुसरा क्रियापदाचे प्रत्यय घेणाऱ्यांचा. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. शब्दाचा अर्थ काय, वस्तू आहे की स्थळ आहे, हे पाणिनी तिथे विचारत नाही. शब्दाच्या शेवटाला काय लागतं ते बघतो.

मराठीचं इंग्रजीतून लिहिलेलं व्याकरण विल्यम कॅरे यांनी १८०५ मध्ये श्रीरामपूरहून काढलं. दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' १८३६ चं. त्यांच्यासमोर संस्कृत परंपरा होती आणि इंग्रजी व्याकरणाचा साचाही होता. मोरो केशव दामले यांचं 'शास्त्रीय मराठी व्याकरण' १९११ मध्ये आलं, त्यातही वर्गीकरणाचा बराच ऊहापोह आहे. म्हणजे मराठीत हा प्रश्न जाणत्यांनी कधीच मिटला असं मानलं नाही. आपण शाळेत मात्र मिटवून टाकला. आज आपण शिकवतो ती मराठीची आठांची यादी इंग्रजीच्या आठांशी एकास एक जुळते. हा योगायोग नाही. इंग्रजीत नामाच्या आधी प्रिपोझिशन येतं, मराठीत नामाच्या मागून शब्दयोगी येतं, तरी दोघांना एकाच खणात ठेवलं, कारण खण आधी तयार होता.

म्हणजे ही यादी ज्या ज्या भाषेला घातली त्या त्या भाषेच्या अंगाप्रमाणे कापली, शिवली, उसवली. याला माझी हरकत नाही, कपडा तसाच शिवतात. हरकत आहे ती एवढीच की, तो कपडा म्हणजेच अंगाची कातडी असं आपण मुलांना सांगतो.

आता त्या नावाकडे येऊ. इंग्रजीत 'पार्ट्स ऑफ स्पीच', म्हणजे बोलण्याचे भाग. आपण म्हणतो 'शब्दांच्या जाती'. इथे जात म्हणजे प्रकार, हे मला माहीत आहे, आंब्याच्या जाती म्हणतो तसं. पण शाळेत ज्याचं नाव घालतानाच जात आणि जमात लिहून घेतली जाते, ज्याला पुढे जातपडताळणीसाठी कचेऱ्यांचे खेटे घालावे लागतात, त्या मुलाच्या कानाला 'जात' हा शब्द कसा लागेल? जन्मानं मिळालेली, कागदावर लिहिलेली, मरेपर्यंत न बदलणारी गोष्ट. 'वेल'ची जात नाम. लागला शिक्का. मग तो वेल कुठेही भेटो, बाटलीवर भेटो की पत्रात भेटो, तो नामच.

गंमत अशी की मराठीत ही समजूत बरीचशी चालून जाते. मराठी शब्द काम बदलतो तेव्हा बहुधा कपडेही बदलतो. 'गोड' हे विशेषण, त्याचं नाम करायचं तर 'गोडवा' किंवा 'गोडी'. 'लाज' हे नाम, त्याचं क्रियापद 'लाजणे'. 'हात' नाम, 'हाताळणे' क्रियापद. अपवाद आहेतच. 'हा खेळ चांगला आहे' आणि 'तू खेळ' यांत 'खेळ' दोन्हीकडे सारखाच दिसतो. पण एकंदरीत मराठी शब्दाचा पेहराव बघून तो काय करतोय याचा अंदाज येतो.

इंग्रजीत तसं होत नाही. तिथे शब्द त्याच कपड्यांत जागा बदलतो आणि जागेबरोबर काम बदलतं. एकच शब्द घ्या, 'बॅक'. 'माय बॅक हर्ट्स', माझी पाठ दुखते. इथे तो नाम. 'द बॅक डोअर', मागचं दार. विशेषण. 'कम बॅक', परत ये. क्रियाविशेषण. 'ही बॅक्ड द बस', त्यानं बस मागे घेतली. क्रियापद. आता सांगा, 'बॅक'ची जात कोणती? वाक्याशिवाय हा प्रश्नच विचारता येत नाही.

आपल्या गावातला माणूस बघा ना. उन्हाळ्यात तेंदूपत्ता तोडतो, त्याआधी मोहफुलं वेचतो, पावसाळ्यात भात रोवतो, पाणी ओसरलं की मासे धरतो. नाव तेच, माणूस तोच. आत्ता तो काय आहे हे कळायला तो आत्ता कुठे उभा आहे आणि हातात काय आहे, ते बघावं लागतं. इंग्रजी शब्द असाच आहे. म्हणून माझं म्हणणं आहे की वर्गात 'जात' हा शब्द सोडून द्यावा आणि साधं 'काम' म्हणावं. या वाक्यात हा शब्द कुठलं काम करतोय? एवढा प्रश्न बदलला तरी अर्धी लढाई झाली.

तुम्ही म्हणाल, काम ओळखायचं कसं? अर्थ नीट माहीत नसेल तर काम कसं कळणार? आपण एक प्रयोग करू. मी फळ्यावर एक वाक्य लिहितो. यातल्या मुख्य शब्दांना काहीही अर्थ नाही, मी आत्ता बनवलेत.

'द टिंबी गोलू मोकड लापली.'

(हशा)

सांगा, यात नाम कोणतं? ... बरोबर, गोलू. विशेषण? टिंबी. क्रियापद? मोकड. आणि ते मोकणं कसं झालं? लापली. क्रियाविशेषण. बघा, एकाही शब्दाचा अर्थ आपल्याला माहीत नाही. गोलू ही व्यक्ती आहे की वस्तू आहे की स्थळ आहे, कुणालाच ठाऊक नाही. तरी सगळ्यांचं उत्तर एकच आलं. कशावरून आलं? 'द' दिसला, म्हणजे पुढे कुठेतरी नाम येणार. 'द' आणि नाम यांच्या मध्ये बसला तो विशेषण. '-ड' शेपूट लागलं ते क्रियापद. '-ली' शेपूट बहुधा क्रियाविशेषणाचं. बहुधा म्हणतोय, कारण 'फ्रेंडली' हे विशेषण आहे. तेव्हा नुसतं शेपूट धरून चालत नाही, शेजारही बघावा लागतो.

पाणिनीचा मुद्दा लक्षात ठेवा म्हटलं होतं तो हाच. शब्द ओळखताना त्याला काय जोडलं जातं ते बघा. इंग्रजीत प्रत्यय कमी, म्हणून शेजार जास्त बघायचा.

आता व्याख्यांवरची माझी टीका तुमच्या लक्षात येईल. 'वस्तूचं नाव म्हणजे नाम' ही व्याख्या अर्थावर उभी आहे. 'रन' म्हणजे धावणे, ही क्रिया झाली, म्हणून क्रियापद. मग 'अ लाँग रन' मध्ये काय करायचं? क्रिया तर तिथेही आहे! 'क्रियापदाबद्दल अधिक माहिती सांगतो तो अ‍ॅडव्हर्ब'. मग 'व्हेरी' कुठल्या क्रियापदाची माहिती सांगतो? 'व्हेरी स्मॉल' मध्ये क्रियापदाचा पत्ताच नाही. अ‍ॅडव्हर्ब हा खण तर घरातल्या अडगळीच्या खोलीसारखा आहे. 'व्हेरी', 'नॉट', 'येस्टरडे', 'स्लोली', जे दुसरीकडे मावलं नाही ते सगळं तिथे. एकाच प्रकारचे शब्द असतील तर एकाच्या जागी दुसरा बसायला हवा. 'ही केम येस्टरडे' हे ठीक. 'ही केम स्लोली' हेही ठीक. 'ही केम व्हेरी'? बसत नाही. आणि या गोंधळाबद्दल आपण मुलांचे मार्क कापतो.

आर्टिकलचं तर मला वाईटच वाटतं. मराठीत आर्टिकल नाही, माडियातही नाही. म्हणजे इथल्या मुलाला इंग्रजीत सगळ्यात परकी वाटणारी वस्तू हीच. आणि नाम ओळखण्याची सगळ्यात सोपी खूणही हीच. 'द' किंवा 'अ' दिसला की पुढे नाम आलंच पाहिजे. एवढी मोठी खूण, पण आठांच्या यादीत तिला घर नाही. उलट ज्या इंटरजेक्शनचा वाक्याच्या रचनेशी संबंधच नसतो, त्या 'ओह' आणि 'अलास'ला पूर्ण एक खण. सांगा, 'अलास' हा शब्द तुम्ही परीक्षेबाहेर शेवटचा कधी ऐकला?

(हशा)

आता आपण ती बाटली पुन्हा हातात घेऊ. 'शेक' वाक्याच्या तोंडाशी आलाय, आधी कुणी नाही. इंग्रजीत वाक्याच्या तोंडाशी असा उघडा शब्द आला की बहुधा कुणीतरी काहीतरी करायला सांगतंय. हलवा. 'वेल' त्याच्यामागे आला, त्याच्या आधी 'अ' नाही, 'द' नाही. विहीर असती तर 'द वेल' म्हटलं असतं. मग हा 'वेल' हलवण्याबद्दल सांगतोय, कसं हलवा? चांगलं. 'बिफोर'च्या पुढे एकच शब्द आहे, 'यूज'. 'बिफोर'पाठोपाठ नाम येतं, म्हणून 'यूज' इथे वापरणे नाही, वापर. उच्चारातही इंग्रज माणूस फरक करतो, नाम असेल तेव्हा 'यूस' आणि क्रियापद असेल तेव्हा 'यूझ'. लिहिताना मात्र फरक नाही. 'स्टोअर' पुन्हा तोंडाशी, म्हणजे सूचना: ठेवा. 'अ' आणि 'प्लेस' यांच्या मध्ये सापडलेले 'कूल' आणि 'ड्राय' ही दोन्ही विशेषणं. थंड, कोरड्या जागी ठेवा. वापरण्यापूर्वी चांगलं हलवा.

त्या मुलाला हे सगळं सांगायला मला वीस मिनिटं लागली. आठ व्याख्या पाठ करून घ्यायला एक आख्खी सहामाही लागली होती.

आता थोडं माडियाबद्दल बोलतो. लोकबिरादरी प्रकल्प इथे २३ डिसेंबर १९७३ ला सुरू झाला आणि आश्रमशाळा १९७६ मध्ये. गडचिरोली जिल्हासुद्धा त्यानंतरचा, १९८२ चा. तेव्हापासून आजवर इथल्या मुलाच्या वाट्याला तीन भाषा आहेत. घरात माडिया, शाळेत मराठी, आणि इंग्रजी. २००० सालापासून तर राज्यात पहिलीपासूनच इंग्रजी आहे. माडिया ही गोंडीच्या कुळातली, म्हणजे द्राविडी भाषा. मराठीशी तिचा शेजार जुना, पण कूळ वेगळं. आपण मात्र इंग्रजी शिकवताना असं धरून चालतो की मुलाच्या डोक्यात आधीपासून मराठी व्याकरण आहे, त्यावर इंग्रजीचं कलम करायचं. 'अँड' हा एवढासा शब्द. तो समजावायला आपण म्हणतो, 'उभयान्वयी अव्यय'. ज्या पोराला 'अँड' कळला होता, त्याचाही आता गोंधळ.

तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेनं महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्यांना इंग्रजी शिकवलं. तिचं ऋण मी मानतो. तिची ताकद होती वाक्यांत. वाक्य इकडून तिकडे न्या, तिकडून इकडे आणा. शब्द सुटा पडून राहत नसे. पण ती पाठमाला ज्या विद्यार्थ्यासाठी होती, त्याची घरची भाषा मराठी होती. भामरागडच्या मुलाला तोच पूल दिला तर त्याला आधी दुसऱ्याच नदीवरचा पूल पार करावा लागतो. पर्लकोटेला पूर आला की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

या बाबतीतली माझी दुसरी चूक सांगतो. ही पहिलीपेक्षा जास्त लागलेली आहे. सातवीतल्या एका मुलीनं आईवर पाच ओळी लिहिल्या होत्या. आई जंगलात जाते, मोहफुलं आणते, असं. प्रत्येक ठिकाणी आईसाठी तिनं 'शी'ऐवजी 'इट' लिहिलं होतं. मी वर्गासमोर ते मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं, "आई काय वस्तू आहे का गं?" वर्ग हसला. त्या वर्षी ती मुलगी पुन्हा कधी उभी राहून वाचायला तयार झाली नाही.

पुष्कळ उशिरा मला कळलं ते असं. गोंडी कुळातल्या भाषांमध्ये सर्वनामांची वाटणी आपल्यापेक्षा वेगळी आहे. पुरुषासाठी एक सर्वनाम, आणि बाकी सगळ्यांसाठी, म्हणजे बाई, जनावर, झाड, वस्तू यांच्यासाठी दुसरं. तिथे 'शी' आणि 'इट' यांत फरक करायचं कारणच नाही. याचा अर्थ त्या भाषेत आईचा मान कमी असा मुळीच नाही, जसा मराठीत 'ते मूल' म्हटल्यानं मूल वस्तू होत नाही. ती मुलगी आईला वस्तू म्हणत नव्हती. ती तिच्या भाषेचं व्याकरण अगदी चोख पाळत होती. मराठी घरातला मुलगा वेगळीच चूक करतो. खुर्ची 'ती' म्हणून खुर्चीला 'शी' म्हणतो, पंखा 'तो' म्हणून पंख्याला 'ही' म्हणतो. दोघांच्या चुका वेगळ्या, कारण दोघांची घरं वेगळी. पुस्तकात मात्र प्रोनाउनची व्याख्या एकच: नामाऐवजी येतो तो शब्द. या व्याख्येनं दोघांपैकी एकाचीही चूक सुधारत नाही.

आणि प्रत्येक ठिकाणी माडिया मुलाला अडचणच आहे असंही नाही, बरं का. मराठीत 'चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल', विशेषण नामामागे धावत सुटतं. इंग्रजीत 'गुड' तसाच राहतो. द्राविडी भाषांतही नामाआधी येणारं विशेषण साधारणपणे असं लिंग-वचनाप्रमाणे बदलत नाही. म्हणजे इथे माडिया मुलाला इंग्रजी मराठीपेक्षा जवळची वाटू शकते. मराठीत 'आम्ही' आणि 'आपण' असा जो नाजूक फरक आहे, ऐकणाऱ्याला धरून की वगळून, तो मराठीत द्राविडी शेजारातून आला असावा, असं अनेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. इंग्रजीत दोन्हीला एकच 'वी'. ज्या भाषेला आपण वर्गाच्या दारात चपलांबरोबर काढून ठेवायला लावतो, तिच्या घराण्याकडून आपण एवढी मोठी गोष्ट घेतलेली आहे.

मग आठांची यादी फेकून द्यायची का? नाही. शब्दकोश उघडलात तर 'वेल'च्या पुढे निरनिराळ्या नोंदी दिसतात. त्यातली कुठली घ्यायची हे कळायला शब्दाचं काम ओळखता आलं पाहिजे, आणि कामाला नाव असलेलं बरं असतं. यादीचा खरा उपयोग तिथे आहे. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. आधी वाक्य, मग जागा, मग काम, आणि सगळ्यात शेवटी नाव. आपण उलट्या टोकानं सुरुवात करतो आणि बहुतेक मुलं पहिल्या टोकापर्यंत पोचतच नाहीत.

वर्गात करायला फार काही लागत नाही. रिकामी बाटली, बियाण्याची पिशवी, साबणाचं वेष्टण, बॅटरी सेलचं खोकं, यांवरच्या सूचना हेच पुस्तक. त्यातली एक ओळ रोज फळ्यावर. एक शब्द पुसायचा आणि विचारायचं, इथे दुसरं काय काय बसेल? जे जे बसेल ते एका कामाचे सोबती. महिन्याभरानं मुलं स्वतःच गट पाडतात. मग म्हणायचं, या गटाला नाउन म्हणतात. तोवर ते नाव त्यांना ओझं वाटत नाही, कारण माणूस ओळखीचा झालेला असतो.

आता प्रश्न घेऊ.

प्रश्न: सर, हे पटतं. पण परीक्षेत अधोरेखित शब्दाची जात ओळखा असंच विचारतात. तिथे मुलांचं नुकसान नको व्हायला.

उत्तर: मॅडम, तुम्ही बरोबर अडचणीवर बोट ठेवलंत. पण तो प्रश्न नीट बघा. शब्द अधोरेखित केलेला असतो, म्हणजे तो वाक्यात असतो. वाक्य तिथेच दिलेलं आहे! आपण मुलांना शब्द पाठ करून पाठवतो, म्हणून ती वाक्य न वाचताच उत्तर लिहितात. 'राउंड' दिसला की 'विशेषण' लिहून मोकळी. वाक्य असतं 'लेट्स प्ले अनदर राउंड'. शेजार बघायची सवय लागली तर या प्रश्नाचे मार्क वाढतील. कमी व्हायचं काही कारण मला दिसत नाही.

प्रश्न: मी लातूरकडचा. मला माडिया येत नाही. मुलांच्या भाषेचा आधार घ्या म्हणता, तर मी तो घेऊ कसा?

उत्तर: मलाही येत नव्हती, आजही कामापुरतीच येते. फळ्यावर तीन रकाने करा: माडिया, मराठी, इंग्रजी. 'झाडाखाली कुत्रा झोपलाय' हे वाक्य घ्या. मधला रकाना तुम्ही भरा. पहिला रकाना मुलांना भरू द्या, देवनागरीत, जसं ऐकू येतं तसं. मग विचारा, 'खाली' हा अर्थ तुमच्या भाषेत झाडाच्या आधी येतो की नंतर? ती सांगतील, नंतर. मराठीतही नंतर. इंग्रजीत 'अंडर द ट्री', आधी. प्रिपोझिशन शिकवून झालं, व्याख्या न सांगता. शिवाय त्या तासाला पहिल्या रकान्यापुरते तुम्ही विद्यार्थी असता आणि ती मुलं गुरुजी. चुकलात की ती हसतील. हसू द्या. मी त्या मुलीला हसवून गप्प केलं होतं, तुम्ही स्वतःवर हसवून त्यांना बोलतं करा.

त्या आठवीतल्या मुलाचं पुढे काय झालं, असं मला मघाशी बाहेर कुणीतरी विचारलं. फार मोठं काही झालं असं नाही. पण पुढच्या सुट्टीहून येताना तो बियाण्याच्या पिशवीवरची ओळ उतरवून घेऊन आला होता. खाली अर्थ लिहिला होता आणि 'प्लांट' या शब्दाखाली दोन रेघा मारल्या होत्या. म्हणाला, "सर, इथे हे झाड नाही. इथे लावा असं आहे. तोंडाशी आहे ना."